उजागरे सरांचा रिकामा रकाना

गुडगावात त्या काळी सगळ्यांना सगळं माहीत होतं. अमेरिका पुढच्या वर्षी काय मागणार, कुठल्या शेतात मॉल उगवणार, कुठला बिल्डर बुडणार, हे पानवाल्यापासून व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत कुणीही उभ्या उभ्या सांगायचं. त्यातही पानवाले संख्येने कमी होते. आमच्या कंपनीची इमारत निळ्या काचेची होती. तिला बिझनेस पार्क म्हणत. पार्क नव्हता, आणि बिझनेस यायचा होता. समोरच्या डबक्यात बसलेल्या म्हशी दिवसभर त्या काचेत स्वतःला न्याहाळत असत. उदारीकरणाचा प्रत्यक्ष फायदा झालेला तेवढाच एक स्थानिक वर्ग माझ्या पाहण्यात आला.

अशा त्या सर्वज्ञ गावात भास्कर उजागरे नावाचे एक गृहस्थ दिवसातून अनेकदा, मोठ्या आवाजात आणि चेहऱ्यावर जराही शरम न आणता "माहीत नाही" असं म्हणत असत.

मी पुण्याहून तिथे मॅन्युअल लिहायला गेलो होतो. ग्राहक जे वाचत नाही आणि कंपनी जे करत नाही, ते एकत्र बांधलं की मॅन्युअल होतं. उजागरे सर आमच्या मुख्य सॉफ्टवेअरचे मुख्य इंजिनियर. पन्नाशी उलटलेली, बायकोने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, आणि प्रश्न ऐकताना चष्मा काढून ठेवायची सवय. जणू चष्मा लावून ऐकलं तर उत्तर आधीच दिसेल. सरकारी संगणक दुरुस्तीच्या एका खात्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. खातं गुंडाळलं गेलं तेव्हा ते या काचेच्या इमारतीत आले. इथे त्यांना हुद्दा मोठा मिळाला आणि खिडकी मिळाली नाही.

घराणं नगरकडचं, ख्रिस्ती. वडील मंत्रालयात कारकून म्हणून दिल्लीला आले ते इथलेच झाले. सरांचं मराठी त्यामुळे घरात वाढलेलं आणि बाहेर हिंदीचं ऊन लागलेलं. नाताळात ते ऑफिसात करंज्यांचा डबा आणत, आणि दर वर्षी कुणी तरी तोच प्रश्न विचारी, "उजागर जी, आप मराठी हैं? फिर क्रिश्चियन कैसे?"

"जैसे आप पंजाबी होकर शाकाहारी हैं," सर म्हणत, आणि करंजी पुढे करत.

त्यांच्या टेबलाच्या खणात हिवाळाभर गजक, म्हणजे तिकडची तिळाची चिक्की, असे. ती पाहुण्यांसाठी नव्हती. ती बक्षिसाची होती. शिपाई येऊन म्हणाला, "सर, आपसे कोई मिलने आया था," की सर विचारत, "कौन?" त्यावर शिपाई "पता नहीं" म्हणाला तर त्याला गजकचा एक तुकडा मिळे. "शायद बैंकवाला था," म्हणाला तर काही मिळत नसे. पहिल्या आठवड्यात मला एकही तुकडा मिळाला नाही. मी पुण्याचा. आम्हाला "माहीत नाही" शिकवत नाहीत.

बातमी कुठलीही असो, त्यांचा प्रश्न ठरलेला, "देखा, या बाद में पूछा?" अमुक माणूस अमुक जागी होता, हे होत असताना पाहिलं की नंतर चौकशी करून कळलं? या दोन ज्ञानांच्या मध्ये, ते म्हणत, सगळं जग बदलून जातं. कँटीनमध्ये क्रिकेटच्या गप्पांतही ते हे विचारत. त्यामुळे क्रिकेटच्या गप्पांना त्यांना कुणी बोलावत नसे.

हा हट्ट कुठून आला ते त्यांनीच एकदा सांगितलं. तरुणपणी ते दिल्लीच्या मुनिरका वस्तीत खोली घेऊन राहत होते. घरमालक चौधरी भाडेकरूंची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत पडत नसे. खोलीच्या नंबरानेच हाक मारी. "छह नंबर, पानी भर ले!" सर सहा नंबर होते. राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते, तोच एका संध्याकाळी दोन पोलीस आले. गल्लीतली एक स्कूटर आदल्या महिन्यात गेली होती, आणि सहा नंबरचा मुलगा ती ढकलत नेताना शेजाऱ्याने पाहिला होता.

"छह नंबर कौन है?" पोलिसाने विचारलं.

चौधरीने सरांकडे बोट दाखवलं.

"आणि बघा," सर मला म्हणाले, "यात कुणीच खोटं नाही बोललं. शेजाऱ्याने सहा नंबरला पाहिलं, बिल्कुल खरं. चौधरीने सहा नंबर दाखवला, तोही खरा. पोलिसांनी बरोबर प्रश्न विचारला. सगळे खरे, आणि ठाण्यात मी."

"मग सुटलात कसे?"

"चौधरीच्या बायकोने सुटवलं. ती म्हणाली, ये तो नया वाला छह नंबर है. तिच्या लक्षात होतं, मी कधी आलो ते." त्यांनी चष्मा पुसला. "नंबर आणि येण्याची वेळ. दोन्ही पाहिजेत. एकटा नंबर म्हणजे अफवा."

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर हे तंतोतंत मुनिरक्याचंच प्रकरण होतं, फक्त इंग्रजीत. मोठ्या कंपन्यांच्या संगणकावर कुठली फाइल कुणी उघडली, बदलली, पुसली, यावर ते पहारा ठेवणार होतं. माझ्या मॅन्युअलसाठी सरांनी ते मला असं समजावलं: संगणकात एका वेळी शेकडो प्रोग्रॅम चालू असतात. सिस्टिम प्रत्येकाला एक नंबर देते. प्रोग्रॅम संपला की नंबर मोकळा होतो, आणि फेरी पूर्ण झाली की तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. फाइल पुसली गेली की सिस्टिम वर्दी देते, 'अमुक नंबराने पुसली.' आपण मग विचारायला जातो, हा नंबर कुणाचा? आपण पोचेपर्यंत पुसणारा मरून गेलेला असतो आणि त्याच्या खोलीत नवा भाडेकरू चहा पीत बसलेला असतो. त्याचं नाव आपण लिहून आणतो.

यावर सरांकडे दोन उपाय होते. पहिला, नंबरासोबत प्रोग्रॅम जन्मला कधी ते बघायचं. गुन्ह्यानंतर जन्मलेला गुन्हेगार असू शकत नाही. दुसरा, फाइलला हात लागण्याआधी त्या प्रोग्रॅमला दारातच थांबवून त्याची ओळख पटवायची, मग आत सोडायचं. पहिल्या उपायाने कधी कधी उत्तर येई, 'माहीत नाही.' दुसऱ्याने सगळा संगणक गुडगावच्या टोलनाक्यासारखा तुंबत असे. सर प्रामाणिक असल्यामुळे दोन्ही गोष्टी त्यांनी मीटिंगमध्ये सांगितल्या. इथेच त्यांचं चुकलं.

मीटिंग मल्होत्रांची होती. मल्होत्रा आमचे ग्लोबल डिलिव्हरी हेड. ग्लोब म्हणजे न्यू जर्सी, जिथे ते काही वर्षं राहून आले होते. तिथून त्यांनी उच्चार, एक कॉफीचा मग आणि भारतीय संस्कृतीचा अभिमान आणला होता. त्या अभिमानाच्या भरात सॉफ्टवेअरचं नाव त्यांनी 'चित्रगुप्त' ठेवलं. अमेरिकनांना ते उच्चारता येईना, म्हणून त्याचं 'चित्रा' झालं. तेव्हापासून ग्राहकांच्या मेलमध्ये चित्राला नमस्कार येऊ लागले.

चित्राच्या पडद्यावर एक तक्ता होता. कुठली फाइल, काय झालं, केव्हा झालं, कुणी केलं. शेवटच्या रकान्यात सरांनी, खात्री नसेल तिथे, 'माहीत नाही' येईल अशी सोय केली होती. मी 'रकाना' म्हटलं तेव्हा त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. त्यांच्या घरात तो कधीच हरवला होता. "अच्छा शब्द आहे," म्हणाले. "कॉलमपेक्षा यात जागा जास्त वाटते."

मल्होत्रांना ती जागाच खटकली.

"उजागर जी, क्लाइंट ब्लैंक देखकर घबरा जाता है."

"सर, गलत नाम देखकर उसे घबराना चाहिए. लेकिन वो घबराएगा नहीं. यही तो दिक्कत है."

"देखिए, चित्रगुप्त कभी बोलता है, पता नहीं?"

"चित्रगुप्त को मौके पर बैठने का टाइम था, सर. हम तो बाद में जाकर पूछते हैं."

हसलो मी एकटा, आणि तेही चुकून. पुढच्या आवृत्तीतून 'माहीत नाही' काढून टाकण्यात आलं. जन्माची वेळ तपासण्यात वेग कमी होतो म्हणून तीही गेली. आता प्रत्येक ओळीत एक नाव झळकू लागलं. पडदा भरलेला दिसू लागला आणि मल्होत्रांनी त्याला 'फुल अकाउंटेबिलिटी' असं नाव दिलं.

आमच्यात अश्विनी शेवडे नावाची एक मुलगी होती. नाशिकची, पहिलीच नोकरी, काम चित्राची चाचणी घेण्याचं. पेइंग गेस्ट म्हणून ती जिथे राहत होती, तिथली मालकीण फ्रिजला कुलूप लावत असे. हे कळल्यावर सरांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, दर रविवारी तिला फरीदाबादला घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. मीही कधी कधी असे. काकू शाळेत शिकवत. त्यांच्या मते सर लग्नाच्या दिवशीसुद्धा फादरना "स्वीकार करतो" म्हणण्याआधी थोडं थांबले होते. अश्विनी त्या घरात इतकी रुळली की स्वयंपाकघरात जाऊन स्वतः पोळ्या लाटू लागली. ऑफिसात ती त्यांना सर म्हणे, फरीदाबादला काका.

"काका, तुम्ही कधी तरी एखादी गोष्ट अशीच मानता का हो?" एकदा तिने पोळी वाढता वाढता विचारलं.

"मीठ," काकू आतून म्हणाल्या. "मी घातलं म्हटलं की मानतात. दुसरं काही नाही."

तर एका दुपारी ऑफिसच्या सर्व्हरवरचं एक फोल्डर नाहीसं झालं. त्यात अमेरिकन ग्राहकासमोर करायच्या प्रात्यक्षिकाचं सगळं साहित्य होतं, आणि ग्राहक पुढच्या आठवड्यात येणार होता. फोल्डरची प्रत होती. दोन तासांत सगळं पूर्ववत झालं. पण आमच्या सर्व्हरवर चित्रा स्वतःच पहाऱ्याला बसलेली होती, आणि चित्राने नाव सांगितलं होतं. फोल्डर पुसणारा प्रोग्रॅम: अश्विनीची चाचणी.

मल्होत्रांपुढे खरं तर दोनच शक्यता होत्या. एक तर अश्विनी दोषी होती, नाही तर चित्रा खोटं बोलत होती. यातली दुसरी शक्यता विकायला काढलेली होती. त्यामुळे निवड सोपी झाली.

मीटिंगला मल्होत्रा, सर, अश्विनी आणि पीपल मॅनेजर मिसेस सूद होत्या. पूर्वी त्यांना एचआर म्हणत; माणसं कमी करायची ठरल्यावर पद बदललं. मला नोंदी घ्यायला बोलावलं होतं, कारण कंपनीत पूर्ण वाक्य लिहिणारा मी एकटाच होतो. टेबलावर एक कागद पालथा ठेवलेला होता. तो नोकरीवरून काढण्याचा होता हे अश्विनीसकट सगळ्यांना कळत होतं. तिच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले, आणि घर तिच्या पगारावर. तिने कालपासून काही खाल्लं नव्हतं; तिचे ओठ फुटले होते. ती सरांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. आपला माणूस, आपली भाषा, रविवारचं जेवण. तिने मला नजरेनेच सांगितलं, आता बघा.

सर उभे राहिले. त्यांनी लॅपटॉप सर्व्हरला जोडला, अश्विनीची चाचणी चालू केली आणि मग स्वतःच्या एका छोट्या प्रोग्रॅमने एक फाइल पुसली.

"मैंने डिलीट की. सबने देखा?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. चित्राने नाव दिलं: हजेरीचा प्रोग्रॅम. त्यांनी दुसरी पुसली. चित्रा म्हणाली, अश्विनीची चाचणी. तिसरी पुसली. चित्राने सरांचं नाव बरोबर सांगितलं.

"देखिए, आया ना सही!" मल्होत्रा म्हणाले.

"ये तीसरा सबसे खतरनाक है, सर. इसी की वजह से आप पहले दो पर यकीन करेंगे."

मग त्यांनी समजावलं. अश्विनीची चाचणी म्हणजे क्षणोक्षणी जन्मून मरणाऱ्या हजारो लहान प्रोग्रॅमांची रांग. मोकळा झालेला बहुतेक प्रत्येक नंबर त्यांच्यातल्याच कुणाला तरी मिळतो. "जिस घर में बच्चे ज्यादा, गली का हर टूटा शीशा उसी के नाम."

मिसेस सूद यांना हे पटलेलं दिसलं. त्यांनी पालथ्या कागदावरचा हात काढला. "तो आपका कहना है, अश्विनी ने नहीं किया."

अश्विनीने मान वर केली. एवढं एक वाक्य हवं होतं. हवं तर नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

सरांनी चष्मा काढला. "मैं ये नहीं कह रहा."

"मतलब किया?" मल्होत्रा पुढे झुकले.

"ये भी नहीं कह रहा. हो सकता है उसके टेस्ट ने किया हो. जन्म का टाइम हमने रखा नहीं, आपने निकलवा दिया था. अब कोई नहीं बता सकता. मुझे मालूम नहीं. आपको भी मालूम नहीं. चित्रा को तो बिल्कुल मालूम नहीं."

"अरे, आप उस लड़की को जानते हैं! आपके घर आती है!"

"जी. लेकिन सवाल मेरे घर का नहीं है."

नोंदीत मी लिहिलं, 'निष्कर्ष निघाला नाही.' इतकं अचूक वाक्य त्या कंपनीत मी दुसरं लिहिलेलं नाही. अश्विनी उठून बाहेर गेली. पालथा कागद मिसेस सूद यांच्या फाइलीत पालथाच गेला. संशयाचा फायदा द्यावा असं ठरलं, आणि मल्होत्रांनी तो फायदा स्वतःच्या औदार्याच्या खात्यात जमा केला. फोल्डर कुणी पुसलं ते पुढेही कळलं नाही.

ग्राहक आला. त्याला चित्रा फार आवडली. प्रत्येक ओळीत नाव बघून तो म्हणाला, अशी स्पष्टता त्यांच्या देशात उरलेली नाही. वर्षभराने मल्होत्रांनी जन्माची वेळ आणि 'माहीत नाही'चा रकाना परत आणला, फक्त वरच्या आवृत्तीत, जादा दराने. 'ट्रू कॉन्फिडन्स' असं त्याचं नाव. अज्ञान विकून दाखवणारा हा पहिलाच माणूस मी पाहिला. तोवर लोक ते फुकट वाटत.

सरांना यातलं काही झोंबलं नाही. त्यांना झोंबलं ते रविवारचं. अश्विनी फरीदाबादला यायची बंद झाली. काकूंनी दोनदा फोन केला. तिने काम आहे म्हणून सांगितलं. काकू मला म्हणाल्या, "यांना म्हटलं, एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झडली असती? तर म्हणे, माझ्या शब्दाचा तिथे काय संबंध. चाळीस वर्षं दिल्लीत राहून या माणसाला संबंध म्हणजे काय कळलं नाही." ऑफिसात अश्विनी सरांशी बोले, पण फक्त कामाचं, आणि हिंदीत. हे फार वाईट होतं. दिल्लीत दोन मराठी माणसं एकमेकांशी हिंदीत बोलू लागली की समजावं, आता काही उरलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी दुपारी ती गेटबाहेर स्टेशनला जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होती. मी निरोप द्यायला गेलो होतो. लू, तिकडचा तो भाजणारा वारा, सुटली होती. इमारतीच्या काचेवरून ऊन परतून अंगावर येत होतं. थोड्या वेळाने सर बाहेर आले. हातात काकूंनी दिलेला डबा. तो त्यांनी तिच्या बॅगेवर ठेवला.

"प्रवासात खा," ते म्हणाले.

तिने डब्याकडे पाहिलं. मग बऱ्याच महिन्यांनी मराठीत बोलली. "काका, एक विचारू? इथे आता मीटिंग नाही. तुम्हाला काय वाटतं, मी पुसलं होतं?"

"नाही," सर म्हणाले. जराही थांबले नाहीत. चष्माही काढला नाही.

"मग तेव्हा का नाही म्हणालात?"

"माझ्या शब्दावर तू सुटली असतीस, तर चित्रा खरी ठरली असती. लोक म्हणाले असते, मशीन बरोबर होती, पण मुलगी ओळखीची निघाली. उद्या एखाद्याचं नाव तिथे येईल, ज्याला इथे काका नाही. त्याचं काय?"

हे उत्तर त्यांनी अनेक महिने घासून ठेवलेलं असावं. त्यात फट नव्हती. मला तर ते पटून मान डोलवावीशी वाटली.

अश्विनीने पदर नसल्यामुळे ओढणीने तोंड पुसलं. "मला त्या माणसाचं काय करायचंय हो? तो तिथे नव्हता. तिथे मी बसले होते. तुमच्या शेजारी."

गाडी आली. ड्रायव्हर उतरून डिकी उघडू लागला. एवढा युक्तिवादाचा माणूस, पण सरांचे हात नुसते स्वेटर नसलेल्या छातीवरून खाली-वर होत राहिले, जणू खिशात उत्तर सापडेल.

"हो," शेवटी ते म्हणाले. "ते मी पाहिलं."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग डबा तिने बॅगेवरून उचलला आणि डिकीत न ठेवता मांडीवर घेऊन बसली. सरांनी तिची बॅग स्वतः उचलून आत ठेवली, सरळ बसते का बघितलं, पुन्हा काढून आडवी ठेवली. गाडी धुळीत वळून दिसेनाशी झाल्यावर ड्रायव्हरला स्टेशन कुठलं ते सांगायचं राहिलं असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या भर लूत, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून, हात वर करून ते गाडीच्या मागे झपझप चालत गेले. मी हाका मारल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.